धयकाल्याची रात्र: दशावतार पहिल्यांदा पाहायला जाणाऱ्यांसाठी

सिंधुदुर्गातलं सगळ्यात जुनं नाट्यगृह कुठलं, असं कुणी विचारलं तर मी ग्रामदेवतेच्या देवळाकडे बोट दाखवतो. देवळाचा सभामंडप, त्यात ठेवलेलं एक बाकडं, एका अंगाला पायपेटी, मृदंग आणि झांज घेऊन बसलेले तिघे, आणि पुढ्यात जमिनीवर दाटीवाटीनं बसलेला गाव. इथे जत्रेच्या रात्री जे पौराणिक नाटक रंगतं तो दशावतार; धयकालो, म्हणजे दहीकाला, हे त्याचंच इथलं नाव. समर्थ रामदासांनी दासबोधात दशावतारी खेळाचा उल्लेख केला आहे. त्यात ज्या सुंदर नारी दिसतात ते सगळे धटिंगण पुरुष असतात, असं ते सांगतात. म्हणजे सतराव्या शतकात हा खेळ लोकांच्या चांगल्या ओळखीचा होता. राजापूर तालुक्यातल्या आडिवऱ्याचे श्यामजी नाईक काळे १७२८च्या सुमारास दशावतारी मंडळी घेऊन मुंबईला गेले, अशी नोंद नाट्येतिहासात सापडते. मराठी रंगभूमीची सुरुवात मानलं जाणारं विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ सांगलीत झालं ते ५ नोव्हेंबर १८४३ला, त्यानंतर शंभरावर वर्षांनी.

आणि हे संगीत नाटक आहे, हे पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पुष्कळांना ठाऊकच नसतं. रंगवलेले चेहरे आणि झळाळते मुकुट यांचे फोटो पाहून लोक येतात, दीड तास थांबतात, दोन रील काढतात आणि निघून जातात. दशावतार खरा उलगडतो तो गाण्यात, आणि गाणं तापायला वेळ लागतो. म्हणून माझा आग्रह एकच, की जायचं तर पूर्ण रात्रीसाठी जा. दुपारी पोचा, रात्रभर बसा, पहाटेचा काला घ्या, झोपा आणि मग परता. ते कसं करायचं, ते आता क्रमानं सांगतो.

आधी तारीख

जत्रांचा हंगाम कार्तिकात सुरू होतो. कार्तिकी एकादशी आणि त्रिपुरारी पौर्णिमेपासून पुढे कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण, कणकवली, दोडामार्ग या तालुक्यांत गावोगावी जत्रा लागतात आणि जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक होतं. शिमग्यानंतरही नाटकं चालूच असतात, पाऊस जवळ आला की थांबतात. पहिल्यांदा जाणाऱ्यानं मार्गशीर्ष किंवा पौष गाठावा. हवा थंड असते, रात्री बसवतं आणि जवळपास रोज कुठे ना कुठे जत्रा असते.

बहुतेक जत्रा तिथीनं ठरतात, त्यामुळे इंग्रजी तारीख दर वर्षी बदलते. गेल्या वर्षीचा फोटो पाहून तिकीट काढू नका. काही ठिकाणी तर तिथीही नसते. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख दर वर्षी देवीच्या कौलानं ठरते. स्थानिक वृत्तपत्रांच्या जिल्हा पानावर जत्रांच्या बातम्या येतात. दशावतारी कंपन्यांच्या फेसबुक पानांवर आज कुठे कुठलं नाटक आहे ते कळतं. पण सगळ्यात खात्रीची माणसं म्हणजे त्या गावातला दुकानदार किंवा रिक्षावाला. त्यांना “दशावताराचा शो कधी आहे?” असं विचारण्यापेक्षा “तुमच्याकडे धयकालो कधी आसा?” असं विचारा. उत्तराबरोबर जेवायचं आमंत्रणही मिळण्याची शक्यता आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एक फोन करा. मानकऱ्यांच्या घरी सुतक आलं तर जत्रा पुढे जाते.

गाव कुठलं निवडावं? सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा, आंगणेवाडी, कुणकेश्वर ही नावं सगळ्यांनी ऐकलेली असतात. तिथे जरूर जा, पण देवीच्या किंवा देवाच्या दर्शनासाठी जा. त्या गर्दीत नाटक नीट ऐकू येणं कठीण. नाटकासाठी लहान गाव बघा, जिथे मंडपात दोन-तीनशे माणसं बसतात आणि नटाचा आवाज माइकच्या आधी कानावर पडतो.

नाटक कुठल्या प्रकारचं आहे, ते विचारून घ्या

फलकांवर तीन तऱ्हेचा मजकूर दिसेल. नुसतं ‘दशावतारी नाटक’ किंवा ‘दहीकाला’ असं असेल तर ते जत्रेचं पारंपरिक नाटक, देवळात, एका कंपनीचं. ‘ट्रिकसीनयुक्त’ असं असेल तर उभारलेल्या रंगमंचावर दिवे, धूर आणि अचानक प्रकट होणारे देव बघायला मिळतील. हे नाटक बहुतेक वेळा जत्रेबाहेर, एखाद्या मंडळाच्या कार्यक्रमात होतं. ‘संयुक्त दशावतार’ म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांतले नावाजलेले कलाकार एका रात्रीपुरते एकत्र. संयुक्त नाटकात गायकांची जुगलबंदी रंगते आणि जाणकार त्यासाठी वीस-तीस किलोमीटर दुचाकी हाकत येतात. पण पहिली रात्र देवळातल्या साध्या दहीकाल्याची असू दे. कथा, गाणं, देव आणि गाव यांचा संबंध तिथे समोर दिसतो, इतरत्र तो समजावून सांगावा लागतो.

कंपन्यांच्या नावांत बहुधा गाव किंवा घराणं असतं. आजगावकर, पार्सेकर, वालावलकर, खानोलकर, मोचेमाडकर, चेंदवणकर ही नावं तुम्हाला परत परत ऐकू येतील. चहाच्या टपरीवर यांतलं एक नाव काढून बघा. कुठल्या कंपनीचा राजा चांगला, कुणाची स्त्रीभूमिका बघावी, कुठल्या पेटीवाल्याचा हात गोड, यावर गिऱ्हाईक आणि टपरीवाला दोघंही बोलू लागतील. ते ऐकून घ्या. तिथे मिळणारी माहिती कुठल्याही पुस्तकात नाही.

पोचायचं कसं

कोकण रेल्वेनं येणाऱ्यांसाठी कणकवली, सिंधुदुर्ग, कुडाळ आणि सावंतवाडी रोड ही स्थानकं. मुंबईहून तुतारी एक्स्प्रेस सोयीची. ती दादरहून मध्यरात्र उलटल्यावर सुटते आणि दुपारच्या सुमारास तुम्हाला इथे सोडते. आरक्षण करताना तारीख दोनदा बघा. शुक्रवारी रात्री घरून निघायचं असेल तर तिकीट शनिवारचं लागतं. कोल्हापूरकडून येणारे गगनबावड्यानं किंवा फोंडा घाटानं उतरतात, बेळगावकडचे आंबोलीनं. गोव्याहून येणाऱ्यांना सावंतवाडी अगदी जवळ.

स्थानकापासून गावापर्यंतचा रस्ता हा खरा प्रश्न. मोठ्या जत्रांना एसटी जादा गाड्या सोडते, लहान गावाला शेवटची गाडी संध्याकाळीच निघून गेलेली असते. म्हणून रिक्षा दुपारीच ठरवा आणि सकाळी न्यायला येण्याचंही त्याच वेळी बोलून ठेवा. जागरण करून पहाटे स्वतः गाडी चालवत घाट चढायचा बेत मात्र करू नका. आंबोलीचं धुकं आणि मिटणारे डोळे एकत्र आले की पुढचं सांगायला नको. राहायची खोली कुडाळ किंवा सावंतवाडीत एका रात्रीसाठी घ्या. रात्र देवळात गेली तरी ती खोली दुपारच्या आणि सकाळच्या झोपेसाठी लागतेच.

दुपार

दोन तास झोपा. ते जमत नसेल तर कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन या. तिथल्या ठाकर समाजानं चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जपली आहे आणि त्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्र पुढे धरून गात गात रामायण-महाभारत सांगण्याची ही रीत बघितलीत, तर रात्री राजा गात गात दरबारात आल्यावर तुम्हाला नवल वाटणार नाही. सावंतवाडीत असाल तर राजवाड्यातली गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले पत्ते, आणि चितार आळीतली लाकडी खेळणी आहेत. पण थकू नका.

पिशवीत एक सतरंजी किंवा चटई, शाल, कानटोपी, पाण्याची बाटली, बॅटरी आणि सुटे पैसे. दव पडतं, आणि पहाटे तीनला ते हाडांत शिरतं. मुंबईकरांना हे खरं वाटत नाही, म्हणून शाल दोनदा लिहावी असं मनात येतं. नकाशा आधी उतरवून ठेवा, कारण कित्येक वाड्यांमध्ये मोबाइलला रेंज नसते. रात्रीचं जेवण शहरातच करून घ्या. जत्रेत भजी, उसळ, चहा आणि खाजं मिळतं. खाज्याच्या आल्या-गुळाच्या कांड्या रात्रभर चघळायला उत्तम, पण त्या जेवण नव्हेत.

संध्याकाळी देवळात

सातच्या आसपास पोचा. आधी दर्शन घ्या. ओट्यांची रांग लागलेली असेल. बाहेरून आलेल्यानंही नारळ ठेवला तर कुणी परकं मानत नाही. कुणीतरी तुमच्या नावानं गाऱ्हाणं घालायचं का विचारेल. हो म्हणा. “बा देवा महाराजा” अशी सुरुवात होईल आणि प्रत्येक मागणीनंतर आजूबाजूचे सगळे “व्हय महाराजा!” म्हणतील. तुम्हीही म्हणा.

मग पालखी निघते. ढोल-ताशे वाजतात, देवळाभोवती प्रदक्षिणा होते, काही ठिकाणी तरंगही, म्हणजे देवाचे वस्त्रं नेसवलेले खांबही, असतात. पालखी आत जाऊन स्थिरावली की नाटकाची वेळ झाली. घड्याळात तेव्हा अकरा असतील, बारा असतील, कधी त्याहून उशीर. कुणालाही “कधी सुरू होणार?” असं विचारू नका. देवाचं झाल्याशिवाय नाटक सुरू होत नाही.

पालखी फिरत असतानाच सतरंजी पसरून जागा धरून ठेवा. इथले लोक तसंच करतात. आणि बसायचं ते वाजवणाऱ्यांच्या बाजूला. समोरून मधोमध बसलात तर मुकुट आणि भरजरी शेले उत्तम दिसतात. पण पेटी-मृदंगाच्या बाजूला बसलात तर नाटक कुठून चालतं ते दिसतं. नटांच्या ये-जा करण्याची वाट तेवढी मोकळी सोडा. चपला मंडपाबाहेर, एका पिशवीत घालून.

रंगपट

नाटकाआधी तासभर देवळाच्या एखाद्या पडवीत कलाकार रंगायला बसतात. त्यांच्या सामानाचा पेटारा तिथे असतो आणि त्याची पूजा झालेली असते. त्याला पाय लावू नका, त्यावर टेकू नका. कंपनीच्या मालकांना विचारून कोपऱ्यात उभं राहायला मिळालं तर गप्प राहून बघा. प्रत्येकजण आपला चेहरा आपणच रंगवतो. मांडी घातलेली, डाव्या हातात छोटा आरसा, उजव्या हाताचं बोट सफेद्यात. दिवसा बागेत किंवा भातशेतीत राबलेला हात भुवईची काळी रेघ एका दमात ओढतो. जो स्त्रीभूमिका करणार असतो तो लुगड्याच्या निऱ्या स्वतःच घालतो, आणि पदर खांद्यावर आला की त्याचं बसणं बदलतं, मान बदलते, शेजाऱ्याकडे पान मागण्याची तऱ्हाही बदलते. फोटो काढायचा असेल तर विचारा आणि फ्लॅश बंद ठेवा. इथेच मालक त्या रात्रीचं आख्यान सांगतात आणि भूमिका वाटून देतात. छापील संहिता नसते. कथा सगळ्यांना पाठ, संवाद मात्र रंगमंचावर उभं राहून ज्यानं त्यानं बोलायचे.

आख्यानाचं नाव तुम्हीही विचारून घ्या. चंद्रहास, मार्कंडेय, वीर अभिमन्यू, जे असेल ते. मोबाइलवर दहा मिनिटांत गोष्ट वाचून टाका, म्हणजे रात्री डोकं कथेत अडकणार नाही आणि कान मोकळे राहतील.

आडदशावतार

सुरुवातीच्या भागाला आडदशावतार किंवा पूर्वरंग म्हणतात. नाईक, म्हणजे सूत्रधार, नमनाची पदं म्हणतो. पडद्यामागून गणपती येतो, बरोबर रिद्धी-सिद्धी. भटजी पूजा सांगतो, आणि ती सांगताना हशा पिकवतो. सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो. मग काळ्या वेषातला संकासूर येतो आणि वेद पळवतो. देव संस्कृतप्रचुर मराठीत बोलतात आणि संकासूर ठेठ मालवणीत. गावातल्या रस्त्यापासून सरपंचापर्यंत कुणालाही तो सोडत नाही. सगळं कळलं नाही तरी शेजारच्या आजीकडे बघा, ती मोठ्या मायेनं समजावून देईल. शेवटी विष्णू त्याला मारतो आणि मत्स्यावताराची कथा पुरी होते.

हल्ली कित्येक कंपन्या हा भाग अर्ध्या तासात उरकतात, काही तर नुसता गणपती आणून आख्यान सुरू करतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. दशावतार हे नाव ज्या भागामुळे आहे तोच आक्रसत चालला आहे. तो पूर्ण करणारी कंपनी सापडली तर तिचं नाव लिहून ठेवा आणि दुसऱ्यांना सांगा.

आख्यान, आणि त्यातलं गाणं

आता शांत बसा. राजा येतो. मृदंग आणि झांज एकदम चढतात, राजा गिरकी घेतो, बाकड्यावर बसतो. तेच बाकडं आता सिंहासन आहे. थोड्या वेळानं ते पर्वत होईल, पलंग होईल, रथ होईल. नेपथ्य म्हणून तेवढंच.

राजाचं लांबलचक भाषण चालू असताना नटाकडे बघू नका, पेटीवाल्याकडे बघा. त्याचे पाय भात्यावर नुसते टेकलेले असतात. गाणं कधी येणार हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, कारण भाषण आत्ता जन्माला येत असतं. राजा बोलता बोलता एखाद्या शब्दावर रेंगाळतो, शेवटचा स्वर किंचित लांबवतो, आणि त्याच क्षणी पेटीतून तो स्वर बाहेर येतो. पद सुरू. मृदंगी पहिल्या ओळीपुरता थांबतो, नट कुठल्या लयीत निघाला आहे ते जोखतो आणि समेवर थाप देतो. तीन माणसांचं हे संधान तालमीशिवाय जमतं. एका कंपनीत वर्षानुवर्षं, हंगामातल्या जवळपास प्रत्येक रात्री एकत्र वाजवल्यामुळे ते अंगात भिनलेलं असतं. इथे एक गोष्ट कळली की पुढची सगळी रात्र उजळते: या नाटकाची संहिता कागदावर नाही, ती पेटी, मृदंग आणि झांजेत आहे.

पदांच्या चाली ओळखीच्या वाटतील. किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८०मध्ये आलं आणि त्यानंतर नाट्यपदांनी सगळा महाराष्ट्र व्यापला, त्यात दशावतारी कलाकारही आले. जुन्या ओव्या, आर्या, साक्या, मग नाट्यपदांच्या वळणाची पदं, भजनी ठेक्याची पदं, सगळं एका रात्रीत नांदतं. तुम्ही शास्त्रीय संगीत ऐकणारे असाल तर भैरवी, भूप, मालकंस ओळखत बसाल. बसा, पण एवढं लक्षात ठेवा की हा गायक गाता गाता नाचणार आहे, लढणार आहे आणि दोन तासांनी पुन्हा गाणार आहे. त्याच्या तानेची सफाई मैफलीच्या मापानं मोजू नका.

रात्री दोनच्या सुमारास बहुधा करुण प्रसंग येतो. राणी वनवासात एकटी, किंवा आई आणि मूल यांची ताटातूट. पुरुषानं केलेली राणी आहे हे तोवर तुम्ही विसरलेले असता. तिचं पद संथ लयीत सुरू होतं, झांज मिटते, मृदंग बोटांवर येतो, आणि मंडपातल्या बायका पदर डोळ्यांना लावतात. पद आवडलं तर लोक बक्षीस देतात. तुम्हालाही वाटलं तर नोट द्या, मान राखून, पद संपल्यावर. ‘लोकराजा’ म्हणून ओळखले गेलेले सुधीर कलिंगण आता नाहीत, पण त्यांच्या राजाच्या प्रवेशाची आठवण अजून कुठल्याही मंडपात निघते. शेजारच्याला विचारून बघा.

झोप येईल तेव्हा उठून चहा घ्या, दहा मिनिटं चाला. लढाईपर्यंत मात्र परत या. युद्ध म्हणजे तलवारींचं नृत्य असतं. दोन वीर समोरासमोर, पायांचे ठेके मृदंगाच्या बोलांवर, आणि लय चढत चढत जाते. लहान मुलं झोपेतून उठून बसतात.

काला आणि परतीची वाट

उजाडता उजाडता आख्यान संपतं. मग कृष्ण, गौळण, टांगलेली दहीहंडी. हंडी फुटते, दह्याचा काला वाटला जातो. हात पुढे करून घ्या. आरतीचं ताट फिरतं, त्यात काहीतरी टाका. तिकीट नव्हतं, मंडप देवस्थानचा, मानधन गावानं दिलेलं, पण ताटात पडणारा पैसा कलाकारांचा मान असतो. निघण्याआधी पेटीवाल्याला आणि मृदंग्याला भेटा आणि कुठलं पद आवडलं ते नावानिशी सांगा. राजाला सगळे भेटतात, यांच्याकडे फारसं कुणी जात नाही. त्यांना विचारा की आज रात्री कंपनी कुठे आहे. बहुतेक वेळा जवळच्याच गावाचं नाव ऐकू येईल, कारण तोंडाचा रंग धुऊन ही माणसं पेटारा टेम्पोत चढवतात आणि पुढच्या देवळाकडे निघतात.

तुम्ही खोलीवर या, आंघोळ करा, दुपारपर्यंत झोपा. मुंबईकडची तुतारी सावंतवाडीहून संध्याकाळी सुटते, त्यामुळे घाई नाही. कोल्हापूर-बेळगावची मंडळी दुपारी जेवून, घाटात उजेड असतानाच वर चढू दे. आणि एक दिवस हाताशी असेल तर तिकीट पुढे ढकलून कंपनीच्या मागोमाग पुढच्या गावाला जा. नट तेच, आख्यान दुसरं, आणि आदल्या रात्री राजा झालेला माणूस तिथे कदाचित संकासूर होऊन येईल.